कवळीच्या माळाचा नकाशा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी 'चालणारे सर' असं सांगतो. जव्हारमध्ये त्यांना याच नावानं ओळखत. ते पुण्याहून आमच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला आले आणि बदली मागायची सोडून इथेच राहिले. इतर शिक्षक शनिवारी दुपारच्या एसटीनं नाशिकला नाहीतर ठाण्याला घरी जात. सर रविवारी सकाळी आमच्या वसतिगृहाच्या दारात उभे राहत. पायांत कॅनव्हासचे बूट, खांद्याला शबनम पिशवी, आणि एकच प्रश्न, "कोण येतंय?"

आम्ही तिघं जायचो. बाकीची मुलं हसायची. घरी जाताना डोंगर चढायचा, शाळेला येताना डोंगर उतरायचा, आणि सुट्टीतही पुन्हा डोंगरच?

त्यांचं खोटं नव्हतं. आमच्याकडे माणूस चालतो ते कशासाठी तरी. लाकडाला, पाण्याला, बाजाराला, मयताला. नुसतं बघायला चालायचं असतं हे आम्ही सरांकडून शिकलो. आणि चालताना सर आम्हांला विचारत. हे झाड कोणतं, हा पक्षी कोणता, या शेंगांचं तुमच्या घरी काय करतात. आम्ही सांगायचो, ते वहीत लिहायचे. वर्गात मी 'नाय' म्हटलं की मुलं 'नाही, नाही' असं ओरडून दुरुस्त करत. डोंगरावर सर म्हणत, "तुमच्या बोलीत सांग, मला तोच शब्द हवाय." घरच्या ज्या शब्दांची शाळेत लाज वाटायची, ते एका शिक्षकाच्या वहीत जात होते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला याचं काय वाटतं ते सांगता येणार नाही.

माझे वडील साखरशेतला भात आणि नागली करतात. आमच्या घरात चौथीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. बारावीनंतर मी मामाबरोबर ठाण्याला कामाला जायचं ठरलं होतं. सर चालत आमच्या घरी आले, ओटीवर बसले, आईनं दिलेली भाकर खाल्ली आणि कॉलेजचा फॉर्म वडिलांच्या पुढ्यात ठेवून गप्प बसून राहिले. वडील म्हणाले, "मास्तर, अंधार पडंल. निघा आता." सर म्हणाले, "सही झाली की निघतो." वडिलांनी अंगठा दिला. मी पदवीधर झालो, डी.एड. केलं, आज मोखाडा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत विज्ञान शिकवतो.

हे सगळं आधीच सांगितलं, कारण पुढे जे लिहायचंय ते रागानं लिहायचंय, आणि तो राग सरांवरचा आहे.

आम्ही तिघं अजून रविवारी चालतो. मी शिक्षक. दुसरा मोखाड्याला एका कार्यालयात कारकून आहे. तिसरा विजेच्या खात्यात वायरमन. लग्नं झाली, मुलं झाली, तरी महिन्यातून दोन रविवार आमचे. बायका म्हणतात, देवळात गेला असतात तर पुण्य तरी लागलं असतं. कधी सूर्यमाळच्या बाजूला, कधी जव्हारच्या खालच्या दऱ्यांत, कधी नुसतं नदीच्या पात्रातून वर वर. पाठीवरच्या पिशवीत भाकऱ्या, सुक्या मासळीची चटणी, कांदे. वायरमन सगळ्यांत पुढे चालतो आणि खांब दिसला की थांबतो.

"रविवारी तरी तारा बघू नको," कारकून म्हणतो.

"तुझ्या फायली ऑफिसात राहतात. माझ्या तारा सगळीकडे येतात. मी काय करू?"

वैशाखात करवंदांनी तोंडं काळी करून घेणं, पावसाळ्यात छत्री मिटून मुद्दाम भिजणं, ऐनाच्या खोडाला पाठ लावून अर्धा तास कोणी कोणाशी न बोलणं. यापेक्षा मोठं सुख मला माहीत नाही. आणि तेही सरांनीच दिलेलं.

आता माळाचं सांगतो. तो कारकुनाच्या पाड्याच्या वर आहे. पाड्याचं नाव मी लिहिणार नाही, ओढ्याचं नाही, कुठल्या रस्त्यानं वळायचं तेही नाही; पुढे डावं-उजवं येईल ते मुद्दाम बदललेलं आहे. का, ते पुढे कळेल.

या माळावर कवळी उगवते. कवळी ही रानभाजी. पावसाच्या सुरुवातीला खडकातल्या पातळ मातीतून गवतासारखी लांब, कोवळी पानं वर येतात. तुरीच्या डाळीत शिजवली की वर्षभराचा कंटाळा जातो. पण ती दिसली म्हणून तोडायची नसते. पाड्यातली जुनी माणसं दिवस ठरवतात. त्या दिवशी घरटी एक बाई वर जाते, एकेक मूठ पानं खुडते, मुळाला धक्का लावत नाही. ती पानं पळसाच्या पानावर गावदेवापुढे ठेवतात, मग सगळ्यांची एकत्र शिजते, सगळे जेवतात. दुसऱ्या दिवसापासून माळ सगळ्यांना मोकळा. त्याआधी माळावर गुरंही नेत नाहीत. घरात कितीही ओढ असली, पोर कितीही रडलं, तरी नाही. आधी देवानं खायची, मग माणसानं. जुनी माणसं म्हणतात, तेवढ्या दिवसांत कवळी जमिनीत पाय रोवते. विज्ञानाचा शिक्षक म्हणून मला यात चुकीचं काही दिसत नाही.

आम्ही नववीत असताना सरांना त्या दिवशी पाड्यावर नेलं होतं. बाहेरचा माणूस त्या जेवणाला पहिल्यांदाच आला होता. कारकुनाचे आजोबा तेव्हा हयात होते, देवाचं तेच करायचे. त्यांनी सरांना पंगतीत आपल्या शेजारी बसवलं. जेवणं झाल्यावर म्हणाले, "मास्तर, भाजीचं लिवा, देवाचं लिवा. वाट लिवू नका."

सर म्हणाले, "नाही लिहिणार, बाबा."

आम्ही तिघंही तिथेच होतो. पत्रावळी उचलत होतो.

सर निवृत्त होऊन पुण्याला गेले. मी दर गुरुपौर्णिमेला फोन करतो. सरांचा फोन आला की मी उभा राहतो. बायकोला सुरुवातीला वाटायचं कोणा साहेबाचा फोन असेल. मी सांगितलं, साहेबापेक्षा मोठा. वायरमनला हे कळल्यापासून त्यानं मला सोडलेलं नाही. मोबाईल वाजला की विचारतो, "बसून घेऊ का उभा राहून?"

गेल्याच्या गेल्या थंडीत सरांचा फोन आला. जुन्या वह्या काढल्या आहेत, म्हणाले. आपल्या भटकंतीवर पुस्तक करतोय, जव्हार-मोखाड्याच्या वाटांचं, हल्लीच्या तरुणांना उपयोगी पडेल. मला आनंद झाला. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली.

"अरे, तो कवळीचा माळ. ओढा ओलांडल्यावर वाट डावीकडे जाते ना?"

"उजवीकडे, सर. डावीकडची गुरांची आहे, ती कड्यावर जाते."

"हां. आणि ते मोठं मोहाचं झाड आधी की खडक आधी?"

"खडक आधी, सर. खडकापाशी पाणी आहे, ते एप्रिलपर्यंत टिकतं."

"वा. वेळ किती लागतो?"

"आम्हांला पाऊण तास. शहरातल्या माणसाला दीड धरा, सर."

मी एकही प्रश्न सोडला नाही. ही माझी चूक, आणि ती आमच्यासारख्यांचीच असते. ज्याच्या घरात पहिल्यांदा पुस्तक आलं, त्याला शिक्षकानं प्रश्न विचारला की एकच गोष्ट सुचते, उत्तर बरोबर आलं पाहिजे. प्रश्न का विचारला, हे त्याच्या डोक्यात येत नाही. एवढ्यावर मी थांबलो नाही. संध्याकाळी शाळेचे रंगीत खडू घेऊन बसलो आणि माळाचा नकाशा काढला. उत्तर दिशेचा बाण, खाली सूची, ओढा निळा, वाट लाल तुटक रेषेनं, सरांनी शिकवलं होतं अगदी तसं. फोटो काढून पाठवला. सरांचं उत्तर आलं, "शाब्बास. दहापैकी दहा." मी तो संदेश बायकोला दाखवला. मुलालाही दाखवला.

आजोबांचं म्हणणं मला आठवलं नाही, असं मी म्हणणार नाही. आठवलं होतं. मला वाटलं, सरांनाही आठवत असेलच.

पुस्तक पुढच्या उन्हाळ्यात कुरिअरनं आलं. जाड कागद, मुखपृष्ठावर धबधबा. शाळेत मी ते सगळ्यांना दाखवलं. मग रविवारी एका आंब्याखाली बसून आम्ही तिघांनी वाचलं. वायरमन मोठ्यानं वाचत होता. तो वाचता वाचता थांबला.

"ऐक रं. 'या अस्पर्श माळावर क्वचितच मानवी पाऊल पडलं असेल.'"

कारकून म्हणाला, "माझी आई दर वर्षी जाते. तिच्या पायाला काय खूर आहेत?"

"पुढे ऐक. 'स्थानिक मुलांच्या मदतीने मला या माळाचा शोध लागला.' मास्तर, आपण तिघं म्हणजे स्थानिक मुलं. पस्तिशी आली, अजून मुलंच."

मी म्हणालो, "लिहिताना येतं तसं. सरांच्या मनात तसं नसेल."

"आणि हा नकाशा?" कारकुनानं पान उलटलं. माझा नकाशा होता. खडूचे रंग तसेच आले होते. खाली लहान अक्षरांत छापलं होतं, 'नकाशा : लेखक'. शेजारच्या चौकटीत रानभाजीविषयी माहिती होती. जूनच्या मध्यावर गेल्यास कवळी मिळते, जागेवरच खुडून चव घ्यावी, वगैरे. देवाचं एक अक्षर नव्हतं. दिवसाचं नव्हतं. आजोबांचं नव्हतं.

कारकुनानं पान डोळ्यांजवळ नेलं. अक्षर त्यानं ओळखलं होतं. दहावीपर्यंत तो माझ्या शेजारी बसत होता. त्यानं पुस्तक मिटून माझ्या पिशवीत ठेवलं आणि म्हणाला, "चला, ऊन वाढलं."

त्या वेळी तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

मग पाऊस सुरू झाला. पाड्यावर कवळीचा दिवस अजून ठरायचा होता. एका रविवारी सकाळी आम्ही माळाच्या कडेनं पलीकडच्या खिंडीत जायला निघालो. माळावर पाय द्यायचा नव्हता, वरच्या अंगानं जायचं होतं. खडकापाशी पोचलो तर वरून शिट्टी ऐकू आली.

माळावर चाळीसेक माणसं होती. निळे, पिवळे, लाल रेनकोट. एक बाई कवळीवर प्लास्टिक अंथरून बसली होती. खडकावर पांढऱ्या ऑइलपेंटनं बाण काढला होता, रंग अजून ओला होता. शिट्टीवाला तरुण हसत पुढे आला.

"नमस्कार काका. लोकल आहात का? इथे नेटवर्क कुठे मिळतं?"

"नाही मिळत," वायरमन म्हणाला. "विजेचं माझ्याकडे आहे, नेटवर्कचं दुसऱ्याकडे."

त्यांच्यातल्या तिघी-चौघींच्या हातांत पिशव्या होत्या. पिशव्यांत कवळी होती. खुडलेली नव्हती, उपटलेली होती. पांढरी मुळं मातीसकट लोंबत होती. कारकून त्यातल्या एकीजवळ गेला. त्याचा आवाज कार्यालयात अर्ज परत करताना असतो तसा शांत होता.

"ताई, ही आज काढायची नसते."

"खातात ना पण? पुस्तकात दिलंय."

"खातात. आज नाही."

"का, आज उपास आहे का तुमचा?" मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. वाईट हसले नाहीत. सहलीला माणसं हसतात तसे हसले. कारकुनानं देवाचं सांगायचा प्रयत्न केला. त्या बाई खरोखर ओशाळल्या, "आम्हांला माहीतच नव्हतं हो," म्हणाल्या, आणि पिशवी त्याच्या पुढे धरली, जणू परत घेऊन पुन्हा लावता येईल. शिट्टीवाल्यानं आम्हांला डब्यातल्या इडल्या देऊ केल्या.

वायरमननं इडली घेतली नाही. तो नुसता म्हणाला, "आमच्याच माळावर आम्ही पाहुणे झालो म्हणायचं."

मी काय केलं? मी शिट्टीवाल्याच्या हातातलं पुस्तक बघत उभा राहिलो. माझ्या नकाशाचं पान ओलं होऊन फुगलं होतं.

रागावायचं कोणावर, हे मला त्या दिवशी कळेना. ती माणसं सज्जन होती. कचराही बरोबर घेऊन गेली. पण सज्जन माणसांनीच माळ विस्कटला. लहानपणापासून ऐकत आलोय, वावर-वांगणीला कुपोषणानं मुलं दगावली तेव्हा बाहेरून गाड्या भरभरून माणसं आली होती, आमची भूक बघायला. आता हिरवळ बघायला येतात. तेव्हाही आमच्या घरात काय चाललंय ते दुसरा लिहीत होता, आताही दुसराच लिहितो. आमच्या आया चालतात त्या माळाला 'अस्पर्श' म्हणायचं, आणि तो कोणी दाखवला तर 'स्थानिक मुलांनी'. शिकून शहाणे झालो, नोकऱ्या लागल्या, तरी पुस्तकात आम्ही वाट दाखवण्यापुरतेच. हे ज्यानं लिहिलं त्यानं माझ्या वडिलांच्या ओटीवर बसून मला शिकवण्यासाठी हट्ट धरला होता. दोन्ही गोष्टी एकाच माणसानं केल्या. मला अजूनही त्या एका ठिकाणी बसवता येत नाहीत.

संध्याकाळी आम्ही पाड्यावर उतरलो. कारकुनाची आई ओटीवर शेंगा सोलत होती. मी तिला मावशी म्हणतो. आजोबा गेल्यापासून पहिली मूठ खुडायचा मान तिच्याकडे आहे. कारकुनानं सगळं सांगितलं. तिनं सोलायचं थांबवलं.

"उपटली?"

"हां, आये. बरीच."

"आन् खाल्ली?"

"काहींनी तिथंच खाल्ली. कच्ची."

"म्हंजे उष्टी झाली," ती म्हणाली. "आता देवाला उष्टं कसं घालू मी?"

 दुसऱ्या दिवशी पाड्यातली चार म्हातारी माणसं बसली. कोणी म्हणालं, अर्धा माळ शिल्लक आहे, त्यातली घ्यावी. कोणी म्हणालं, देवाला काय कळतंय. मावशीनं ऐकलं नाही. ताटात एकानं हात घातला की अर्धं ताट चोख कसं राहील, असं तिनं विचारलं. शेवटी ठरलं, यंदा दुसऱ्या पाड्याच्या डोंगरावरून आणायची. पाड्यावरच्या बायका दीड कोस चालत गेल्या आणि दुसऱ्यांच्या गावदेवापुढे उभं राहून, आम्हांला मूठ मूठ कवळी द्या, असं म्हणाल्या. त्यांनी दिली. आदरानं दिली. पण ज्या पाड्यावरून लोक कवळी मागून न्यायचे, त्या पाड्यानं मागून आणली.

श्रावणात आणखी माणसं आली. ती फिरायला आली नव्हती. कवळीच्या मुळांना औषधवाल्यांकडे मागणी असते. कुदळी घेऊन आली, आठवड्याच्या मधल्या वारी आली, माळाचा एक कोपरा खणून गेली. त्यांना पुस्तकातून कळलं की सहलीच्या फोटोंवरून, ते मला माहीत नाही. बाण तर खडकावर होताच.

मावशीनं तेव्हा विचारलं, "वाट दावली कोणी ह्यांना?"

मी तिथेच होतो. कारकून माझ्याकडे न बघता, खाली बघत म्हणाला, "कोणास ठावं."

त्यानं मला वाचवलं. मी ते चालवून घेतलं. त्या आठवड्यात मला वर्गात फळ्याकडे तोंड करून उभं राहणंच बरं वाटत होतं.

दिवाळीच्या सुट्टीत सरांचा फोन आला. मी उभा राहिलो. सर आनंदात होते. पुस्तक चांगलं चाललंय, मार्चमध्ये दुसरी आवृत्ती निघतेय. कवळीच्या माळाचं प्रकरण लोकांना सगळ्यात आवडलं, ते वाढवायचंय. नकाशा फारच उपयोगी आहे, जरा मोठा काढून देशील का, आणि माळावरून खालच्या धबधब्याला उतरता येतं का, तेही दाखव.

मी म्हणालो, "हो सर."

फोन ठेवला आणि माझा मलाच इतका संताप आला की मी पाण्याचा तांब्या भिंतीवर आपटला. बायको आतून आली. म्हणाली, "तांब्यानं काय केलं?"

पुढच्या रविवारी मी दोघांना सांगितलं. वायरमन चालता चालता थांबला. जवळ खांब नव्हता.

"हो म्हणालास?"

"तोंडातून गेलं."

"तुझ्या तोंडात 'हो सर' सोडून काही हाय का? मी करतो फोन. मी बोलतो. फक्त मधे मधे शिव्या येतील."

"नको," कारकून म्हणाला. "त्यानं दिलाय, तोच मागेल परत." मग माझ्याकडे वळून नकाशाबद्दल पहिल्यांदाच बोलला. "सरांचे उपकार तुझ्यावर आहेत, माझ्यावरही आहेत. माझ्या आईवर नाहीत. तिनं का फेडायचे?"

तिथूनच आम्ही पाड्यावर गेलो. मी मावशीला सांगितलं की नकाशा मी काढला. तिला नकाशा म्हणजे काय ते सांगायला लागलं. ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू काढलास?"

"हो, मावशी."

"मला वाटलं व्हतं, ह्या पोराचा हात असंल." तिनं कारकुनाकडे बोट केलं. "तो खोटं बोलतो तवा खाली बघतो. म्हंजे तुझ्यासाठी बघत व्हता."

मी माफी मागितली. तिनं 'असू दे' म्हटलं नाही. आमच्याकडे चूक झाली की 'असू दे' म्हणायची रीत आहे. तिनं ती पाळली नाही आणि मला ते योग्य वाटलं. ती म्हणाली, "तुझ्या मास्तराला माझ्या सासऱ्यानं शेजारी बसवून जेवू घातलं. त्याला इचार, लक्षात हाय का. आन् छापू नको म्हणावं. ह्या साली मागून आणली. दर साली कोण दील?"

घरी येऊन मी चार वेळा पत्र लिहिलं. पहिली तीन अर्ध्यातच राहिली. पहिल्यात फक्त आभार होते, दुसऱ्यात फक्त राग. तिसऱ्यात मी स्वतःलाच इतका दोष दिला होता की सरांना काही करायची गरजच उरली नव्हती. चौथं मोखाड्याच्या पोस्टातून रजिस्टरनं पाठवलं. ते असं :

सर,

नमस्कार. फोनवर मी तुम्हांला 'हो' म्हणालो. ते 'हो' मी मागे घेतो आहे. समोरासमोर किंवा फोनवर मला हे बोलता येत नाही, म्हणून लिहितो.

मी मोठा नकाशा काढणार नाही. धबधब्याची वाट दाखवणार नाही. आणि माझी विनंती अशी आहे की दुसऱ्या आवृत्तीतून कवळीच्या माळाचं प्रकरण पूर्ण काढून टाकावं. वाढवू नये, बदलू नये, काढावं.

यंदा काय झालं ते कळवतो. दिवस ठरायच्या आधी चाळीस माणसं तुमचं पुस्तक घेऊन माळावर आली. त्यांनी कवळी मुळासकट उपटली आणि खाल्ली. देवाच्या आधी खाल्लेली भाजी इथे उष्टी धरतात, हे तुम्ही स्वतःच्या वहीत लिहिलेलं आहे, मी पाहिलं आहे. त्यामुळे पाड्यातल्या बायकांना दुसऱ्या पाड्यावर जाऊन कवळी मागावी लागली. श्रावणात मुळांसाठी माळ खणला गेला. पुढच्या वर्षी तिथे किती उगवेल, सांगता येत नाही.

तुम्ही लिहिलं आहे की त्या माळावर क्वचितच माणसाचं पाऊल पडलं असेल. सर, तुम्ही त्या माणसांच्या पंगतीत जेवला आहात. ज्या आजोबांनी तुम्हांला शेजारी बसवलं त्यांनी एकच गोष्ट मागितली होती, वाट लिहू नका. तुम्ही 'नाही लिहिणार' म्हणालात. आम्ही तिघं ऐकत होतो. त्यांच्या सुनेनं मला हे तुम्हांला विचारायला सांगितलं आहे, लक्षात आहे का.

तुम्हांला ते लिहायचा मोह झाला असेल. किंवा इतक्या वर्षांनी विसरला असाल. मला काय वाटतं ते महत्त्वाचं नाही. माझी चूक मोठी आहे, कारण मला आठवत होतं आणि तरी मी सगळं सांगितलं. तुम्ही विचारलंत की मला उत्तर देण्यापलीकडे काही सुचत नाही. पण ती वाट माझी नव्हती, तुमची नव्हती, आणि कोणाला देऊन टाकायचा आपल्या दोघांनाही अधिकार नव्हता.

तुमचे उपकार मी विसरलेलो नाही. तुम्ही आमच्या ओटीवर बसला नसतात तर मला हे पत्र लिहिताच आलं नसतं. म्हणूनच ते तुम्हांला लिहितो आहे, प्रकाशकांना नाही. फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत तुमचं उत्तर आलं नाही तर मात्र मी प्रकाशकांना लिहीन की नकाशा माझ्या हातचा आहे, त्याखाली लेखकाचं नाव चुकीचं छापलं आहे, आणि तो छापायला माझी परवानगी नाही. कारकून त्या पत्राचा मसुदा करून देणार आहे. त्याला असे मसुदे चांगले येतात.

बाकीची प्रकरणं चांगली झाली आहेत. सूर्यमाळचं मी वर्गात वाचून दाखवलं. तिथे रस्ता आहे, लोक येतात, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही.

तुम्हांला इकडे यायचं असेल तर या. मी एसटी स्टँडवर घ्यायला येईन आणि आपण मावशीकडे जाऊ. ती काय बोलेल ते मला माहीत नाही. मी शेजारी असेन, पण मध्ये पडणार नाही.